महेलिया जॅक्सन

महेलिया जॅक्सन (जन्म : २६ ऑक्टोबर १९११, न्यू ऑर्लीन्स, लुईझियाना, मृत्यू : २७ जानेवारी १९७२, एव्हरग्रीन पार्क, इलिनॉय) या अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका होत्या. गॉस्पेल या ख्रिस्ती भक्तिसंगीताच्या प्रकारातील सर्वश्रेष्ठ गायिकांमध्ये त्यांची गणना होते. कृष्णवर्णीयांच्या चर्चपुरते मर्यादित असलेले हे संगीत त्यांनी सभागृहे, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि परदेशांतील रंगमंचापर्यंत नेले. भक्तिगीतांखेरीज अन्य गाणे व्यवसाय म्हणून न स्वीकारण्याचा निश्चय त्यांनी तरुणपणी केला होता. मोठ्या रकमेचे प्रस्ताव येऊनही तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला. ग्रॅमी पुरस्कारांमध्ये गॉस्पेल संगीतासाठी दिला गेलेला पहिला पुरस्कार १९६२ मध्ये त्यांना मिळाला. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखालील नागरी हक्क चळवळीतही त्यांचा महत्त्वाचा सहभाग होता.

बालपण

जॅक्सन यांचे जन्मनाव महेला असे होते; पुढे विशीच्या सुमारास त्यांनी ते महेलिया असे केले. आई चॅरिटी क्लार्क घरकाम करीत असे. वडील जॉनी जॅक्सन गोदीत मालाची चढउतार करीत, सुट्टीच्या दिवशी केशकर्तनाचे काम करीत आणि चर्चमध्ये प्रवचनही देत. ते कुटुंबासोबत राहत नसत. न्यू ऑर्लीन्समधील मिसिसिपी नदीच्या बांधाजवळच्या वस्तीत तीन खोल्यांच्या घरात नातेवाइकांसह तेरा माणसे राहत होती. महेला यांचे पाय जन्मतः वाकडे होते. त्या लहान असतानाच आईचे निधन झाले आणि त्यांचा सांभाळ मावशीकडे आला. मावशीचे नावही महेला होते, परंतु कडक स्वभावामुळे घरात सर्व जण तिला ‘ड्यूक’ म्हणत. घरात शिस्त फार कडक होती. धार्मिक गीतांशिवाय दुसरे गाणे म्हणण्यास वा ऐकण्यास मनाई होती. घरकामाच्या ओझ्यामुळे जॅक्सन यांचे शिक्षण चौथ्या इयत्तेच्या पुढे जाऊ शकले नाही.

त्यांच्या गायनावर तीन प्रवाहांचा संस्कार झाला. पहिला प्रवाह बाप्टिस्ट चर्चमधील संथ लयीच्या स्तोत्रांचा होता. दुसरा संस्कार घराशेजारच्या ‘सॅन्क्टिफाइड’ पंथाच्या चर्चचा. तेथे ऑर्गन वा गायकवृंद नसे. ढोल, झांजा, खंजिरी, टाळ्या आणि पावलांचा ठेका यांवर सारी सभा डोलत गात असे. तिसरा संस्कार चोरून ऐकलेल्या ब्लूज गाण्यांचा होता. मावशी घराबाहेर गेली की मावसभावाच्या तबकड्या लावून त्या बेसी स्मिथ यांचे गाणे ऐकत. स्मिथ यांची शब्द ओढण्याची व स्वर वळवण्याची रीत त्यांनी आत्मसात केली. मात्र ब्लूज हे निराशेचे गाणे आहे आणि गॉस्पेल आशेचे, अशी भेदरेषा त्या पुढे आयुष्यभर मांडत राहिल्या.

शिकागोतील प्रारंभीची वर्षे

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय लोक रोजगारासाठी आणि वर्णविद्वेषापासून सुटका व्हावी म्हणून उत्तरेकडील औद्योगिक शहरांत स्थलांतर करीत होते. वयाच्या सोळाव्या वर्षी जॅक्सनही दुसऱ्या एका मावशीबरोबर शिकागोला आल्या. परिचारिका होण्याची त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात धुणीभांडी, घरकाम आणि हॉटेलातील साफसफाई अशी कामे वाट्याला आली. ग्रेटर सेलम बाप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदात त्यांना प्रवेश मिळाला. धर्मगुरूंच्या मुलांसह त्यांनी ‘जॉन्सन सिंगर्स’ या छोट्या पथकात गायला सुरुवात केली. निरनिराळ्या चर्चमध्ये फिरून गाणारे हे शिकागोतील आरंभीच्या गॉस्पेल पथकांपैकी एक होते.

शहरातील प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चना हे गाणे रुचणारे नव्हते. तेथे युरोपीय धर्तीच्या संयत गायनाला मान होता. जॅक्सन गाताना हात उंचावत, टाळ्या वाजवत, प्रसंगी गुडघे टेकत. अनेकांना हा प्रकार असभ्य वाटे आणि काही धर्मगुरूंनी त्यांना उघड विरोध केला. याच काळात त्या आवाजाची तालीम घेण्यासाठी एका शास्त्रशुद्ध गायनशिक्षकाकडे गेल्या. त्या शिक्षकाने हे गाणे नसून ओरडणे आहे आणि त्यामुळे समाजाची मान खाली जाते, असा अभिप्राय दिला. एका धड्याचे चार डॉलर शुल्क त्यांच्या दृष्टीने मोठे होते. त्या पुन्हा त्या शिक्षकाकडे गेल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी गायनाचे कोणतेही औपचारिक शिक्षण घेतले नाही.

या काळातील त्यांचे महत्त्वाचे सहकारी म्हणजे गॉस्पेल संगीताचे जनक मानले जाणारे टॉमस डॉर्सी. मा रेनी या ब्लूज गायिकेचे पियानोवादक असलेले डॉर्सी पुढे भक्तिगीतांकडे वळले होते. जॅक्सन त्यांच्यासोबत गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन त्यांची नवी गीते गात आणि कार्यक्रमानंतर गीतांच्या छापील प्रती विकल्या जात. या भ्रमंतीतून त्यांचे नाव कृष्णवर्णीय समाजात सर्वत्र पोहोचले.

एका मार्गाचा निश्चय

जॅक्सन यांच्या कारकिर्दीतील निर्णायक प्रसंग १९३० च्या दशकातील आहेत. उन्हाळ्यात त्यांचे आजोबा पक्षाघाताने अत्यवस्थ झाले. आजोबांना छायाचित्रासाठी उन्हात पाठवण्याचा आग्रह आपणच केला, याची टोचणी त्यांना लागली होती. आजोबा बरे झाल्यास आपण नाटक-सिनेमागृहाची पायरी चढणार नाही, असा नवस त्यांनी केला. आजोबा बरे झाले आणि नवसाचे रूपांतर व्रतात झाले.

१९३७ मध्ये डेका या कंपनीने त्यांची चार गाणी ध्वनिमुद्रित केली. तबकड्यांचा खप झाला नाही. कंपनीने ब्लूज गाण्याची सूचना केली. जॅक्सन यांनी ती नाकारल्यावर हा संबंध तुटला. त्यांचे पहिले पती आयझॅक हॉकेनहल सुशिक्षित रसायनतज्ज्ञ होते. पत्नीच्या आवाजाची योग्यता त्यांना उमगली होती, पण हा आवाज चर्चमध्ये वाया जात आहे असे त्यांचे मत होते. पैशाची ओढगस्त असताना त्यांच्या आग्रहावरून जॅक्सन यांनी ‘द स्विंग मिकाडो’ या संगीतिकेसाठी चाचणी दिली. त्यांची निवडही झाली. मात्र पतीला नोकरी मिळाल्याचे कळताच त्यांनी ती भूमिका सोडून दिली. हा मतभेद आणि हॉकेनहल यांचा घोड्यांच्या शर्यतीचा नाद यांमुळे त्यांचा विवाह टिकला नाही.

गाण्यावर पोट अवलंबून ठेवायचे नाही आणि गाण्याशी तडजोडही करायची नाही, यासाठी जॅक्सन यांनी सौंदर्यप्रसाधनाचा व्यवसाय शिकून शिकागोत स्वतःचे केशभूषागृह काढले. पुढे फुलांचे दुकान काढले आणि घरांच्या मालमत्तेतही पैसा गुंतवला. त्यांच्या ग्राहक बहुतांशी चर्चमधील स्त्रियाच असत. आर्थिक स्वावलंबनामुळेच त्यांना पुढील काळात आलेले नाइट क्लबचे प्रस्ताव नाकारणे शक्य झाले. जेथे मद्य विकले जाते तेथे गायचे नाही, हा त्यांचा दंडक होता.

प्रसिद्धी

१९४६ मध्ये अपोलो रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीशी जॅक्सन यांचा करार झाला. पहिल्या काही तबकड्यांना बेताचाच प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर १९४७ मध्ये त्यांनी विल्यम हर्बर्ट ब्रूस्टर यांचे ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. गीत मोठे असल्याने ते तबकडीच्या दोन्ही बाजूंवर विभागावे लागले. मृत्यूनंतर स्वर्गात पायरी-पायरीने वर चढत जाण्याचे वर्णन त्यात आहे. कृष्णवर्णीय श्रोत्यांनी याच जन्मातील उन्नतीचा अर्थही त्यात वाचला. गीतकार ब्रूस्टर यांनाही तो अर्थ अभिप्रेत होता. या तबकडीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते. गॉस्पेल संगीताच्या बाबतीत असे यापूर्वी घडले नव्हते.

ऑक्टोबर १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचे गायन झाले. या सभागृहातील हा पहिला मोठा गॉस्पेल कार्यक्रम मानला जातो. शिकागोतील नभोवाणी निवेदक स्टड्स टर्केल यांनी त्यांच्या तबकड्या वारंवार वाजवून त्यांना गोऱ्या श्रोत्यांपर्यंत पोहोचवले. फ्रान्समध्येही त्यांच्या तबकडीचा पुरस्काराने गौरव झाला. १९५२ मध्ये त्यांनी युरोपचा दौरा केला, परंतु तो आजारपणामुळे अर्धवट सोडावा लागला. सार्कॉइडोसिस हा विकार तेव्हापासून त्यांच्यामागे लागला.

१९५४ मध्ये त्या कोलंबिया रेकॉर्ड्स या बड्या कंपनीत दाखल झाल्या. त्याच वर्षी सीबीएस वाहिनीने त्यांचा साप्ताहिक नभोवाणी कार्यक्रम सुरू केला. श्रोत्यांची पसंती असूनही त्याला देशव्यापी प्रायोजक लाभला नाही. कृष्णवर्णीय स्त्रीच्या कार्यक्रमाला पैसा पुरवल्यास दक्षिणेतील ग्राहक दुरावतील अशी कंपन्यांना धास्ती होती. कार्यक्रमाचा वेळ प्रथम कमी करण्यात आला आणि १९५५ मध्ये तो बंद पडला.

१९५७ व १९५८ मध्ये त्यांनी न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात गायन केले. १९५८ मधील मध्यरात्रीनंतरचे, पावसातले त्यांचे गायन ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ या माहितीपटाच्या शेवटी पाहावयास मिळते. त्याच वर्षी ड्यूक एलिंग्टन यांच्या ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ या रचनेत त्यांनी गायन केले. जॅझच्या वाद्यवृंदाबरोबर गातानाही त्यांनी गीत मात्र भक्तिपरच ठेवले. १९५९ च्या ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ या चित्रपटातील अंत्यविधीच्या प्रसंगी त्या गाताना दिसतात.

गायनशैली

जॅक्सन यांचा आवाज भरदार, खर्जाकडे झुकणारा आणि व्यापक पल्ल्याचा होता. एकच शब्द अनेक स्वरांत खेळवणे, ओळ मध्येच तोडून श्वास घेणे, लय संथ ठेवून हळूहळू वाढवत नेणे ही त्यांच्या गायनाची वैशिष्ट्ये होत. गीत ठरावीक चालीत दोनदा सारखे म्हणण्याचा त्यांचा रिवाज नव्हता. सभेचा रंग पाहून त्या एखादी ओळ अनेकदा घोळवत आणि श्रोते टाळ्यांनी व उद्गारांनी तिला प्रतिसाद देत. भजनात बुवांनी ओळ सोडावी आणि टाळकऱ्यांनी ती झेलावी, त्याच जातीचा हा परस्परसंवाद होता. त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नसे. त्यामुळे त्यांच्या अनपेक्षित वळणांबरोबर जाणारा साथीदार आवश्यक होता. पियानोवादिका मिल्ड्रेड फॉल्स यांनी सुमारे दोन दशके ही साथ केली. जॅक्सन यांच्या यशात फॉल्स यांचा वाटा मोठा असूनही त्यांना त्या प्रमाणात मोबदला व श्रेय मिळाले नाही, असे काही अभ्यासकांनी नमूद केले आहे.

कोलंबियातील ध्वनिमुद्रणांविषयी समीक्षकांत मतभेद आहेत. कंपनीने त्यांच्यामागे तंतुवाद्यांचे मोठे वाद्यवृंद आणि गायकवृंद उभे केले, गाण्यांची लांबी आखून दिली आणि सर्वसामान्य गोऱ्या ग्राहकाला रुचतील अशा गीतांची निवड केली. या काळात त्यांची कीर्ती जगभर पसरली, पण अपोलोच्या तबकड्यांतील मोकळेपणा त्यात उरला नाही, असे गॉस्पेलच्या अनेक जाणकारांचे मत आहे. स्वतः जॅक्सन यांनाही स्टुडिओतील घड्याळाचे बंधन जाचत असे. रविवारी त्या शक्यतो आपल्या चर्चमध्येच गात.

वर्णभेदाचा अनुभव

कीर्ती वाढल्यावरही दक्षिणेच्या प्रवासात जॅक्सन यांना उपाहारगृहांत जेवण आणि हॉटेलांत खोली मिळत नसे. म्हणून त्यांनी मोठी मोटार घेतली. तीत जेवणाचे पदार्थ बरोबर ठेवता येत आणि प्रसंगी झोपताही येई. आयोजकांनी फसवण्याच्या अनुभवांमुळे त्या मानधन रोख आणि बहुधा गाण्यापूर्वीच घेत.

१९५६ मध्ये त्यांनी शिकागोच्या चॅटम भागात घर विकत घेतले. हा भाग तेव्हा गोऱ्यांचा होता. त्या राहावयास आल्यावर घराच्या खिडक्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि काही काळ पोलीस पहारा ठेवावा लागला. पत्रकार एडवर्ड मरो यांनी आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी याच घरात त्यांची मुलाखत घेतली. काही वर्षांतच तेथील बहुतेक गोरी कुटुंबे घरे विकून निघून गेली.

नागरी हक्क चळवळ

अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे बसगाड्यांतील वर्णभेदाविरुद्ध बहिष्कार चालू असताना जॅक्सन यांची डॉ. किंग व रेव्हरंड राल्फ ॲबरनॅथी यांच्याशी ओळख झाली. डिसेंबर १९५६ मध्ये त्यांनी माँटगोमेरी येथे जाऊन चळवळीच्या निधीसाठी गायन केले. त्या वेळी त्या ॲबरनॅथी यांच्या घरी उतरल्या होत्या. त्यानंतर काही आठवड्यांतच, १० जानेवारी १९५७ रोजी, त्या घरावर बॉम्बहल्ला झाला. तरीही किंग यांच्या सभांतील त्यांचा सहभाग कमी झाला नाही. मन खचले असता किंग दूरध्वनी करून त्यांना गाण्याची विनंती करीत, असे त्यांचे निकटवर्ती सांगत.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमधील लिंकन स्मारकासमोर सुमारे अडीच लाख लोकांचा मेळावा झाला. किंग यांच्या भाषणाच्या आधी जॅक्सन यांनी गायन केले. त्यांनी गायिलेल्या गीतांपैकी एक गुलामगिरीच्या काळातील अवहेलनेचे पारंपरिक गीत होते. पुढे भाषण चालू असताना व्यासपीठाजवळ बसलेल्या जॅक्सन यांनी मोठ्याने किंग यांना त्यांच्या स्वप्नाविषयी बोलण्याची सूचना केली, अशी आठवण उपस्थितांनी नोंदवली आहे. किंग यांनी लिखित मजकूर बाजूला ठेवला आणि भाषणाचा सर्वाधिक स्मरणात राहिलेला भाग उत्स्फूर्तपणे मांडला. ही कल्पना त्यांनी यापूर्वीच्या भाषणांतही वापरली होती. त्या दिवसाच्या मसुद्यात मात्र ती नव्हती.

४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची हत्या झाली. त्यांच्या अंत्यविधीत जॅक्सन यांनी डॉर्सी यांचे ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गीत गायिले. पत्नी व नवजात अपत्य यांच्या मृत्यूनंतर १९३२ मध्ये डॉर्सी यांनी रचलेले हे गीत किंग यांना अतिशय प्रिय होते. हत्येच्या काही क्षण आधीही त्यांनी संध्याकाळच्या सभेत तेच वाजवण्यास एका संगीतकाराला सांगितले होते.

ग्रॅमी पुरस्कार

अमेरिकेतील ध्वनिमुद्रण क्षेत्रातील कलावंत व तंत्रज्ञ यांच्या अकादमीतर्फे ग्रॅमी पुरस्कार दिले जातात. पहिला पुरस्कार सोहळा ४ मे १९५९ रोजी झाला. त्यात एला फिट्जेराल्ड व काउंट बेसी या कृष्णवर्णीय कलावंतांचा गौरव झाला, परंतु गॉस्पेलसाठी स्वतंत्र विभाग नव्हता. त्यामुळे ज्या तबकडीने जॅक्सन यांना देशभर नाव मिळवून दिले ती या पुरस्कारांच्या आधीच्या काळात राहिली आणि १९५० च्या दशकातील त्यांच्या गायनासाठीही पुरस्काराची वाट नव्हती.

१९६२ च्या सोहळ्यात गॉस्पेल किंवा अन्य धार्मिक ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार प्रथमच देण्यात आला. ‘एव्हरी टाइम आय फील द स्पिरिट’ या ध्वनिमुद्रिकेसाठी तो जॅक्सन यांना मिळाला. पुढील वर्षी ‘ग्रेट साँग्ज ऑफ लव्ह अँड फेथ’ या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांची पुन्हा निवड झाली. दोन्ही ध्वनिमुद्रिका कोलंबियाच्या आहेत. ज्या गाण्याला एकेकाळी चर्चमध्येही आक्षेप घेतला जात होता, त्याला संगीत व्यवसायाने अधिकृत स्थान दिले, हे या पुरस्काराचे महत्त्व होय. मात्र हे स्थान गायिकेच्या वयाची पन्नाशी उलटल्यावर आणि सौम्य केलेल्या ध्वनिमुद्रणांसाठी मिळाले, याकडेही अभ्यासक लक्ष वेधतात. मृत्यूनंतर १९७६ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘हाउ आय गॉट ओव्हर’ या जुन्या गायनाच्या संग्रहाला १९७७ मध्ये सोल गॉस्पेल विभागाचा पुरस्कार मिळाला.

भारतभेट आणि अखेरची वर्षे

१९६४ पासून हृदयविकार व मधुमेह यांमुळे जॅक्सन यांना वारंवार रुग्णालयात राहावे लागले. त्याच वर्षी संगीतकार सिगमंड गॅलोवे यांच्याशी झालेला त्यांचा दुसरा विवाह १९६७ मध्ये संपुष्टात आला. १९६६ मध्ये ‘मूव्हिन ऑन अप’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. गरजू विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी त्यांनी शिष्यवृत्ती निधी उभारला.

प्रकृती साथ देत नसतानाही १९७१ मध्ये त्यांनी जपानचा दौरा केला आणि तेथील राजघराण्यासमोर गायन केले. त्याच वर्षी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वतीने त्या भारतात आल्या. कलकत्ता, नवी दिल्ली, मद्रास आणि मुंबई येथे त्यांचे कार्यक्रम झाले आणि त्यांना मोठी गर्दी लोटली. दिल्लीच्या कार्यक्रमास पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या. किंग यांनी महात्मा गांधींच्या अहिंसेच्या मार्गावरून आपली चळवळ उभारली होती आणि १९५९ मध्ये भारताला भेट दिली होती. त्या चळवळीची गायिका बारा वर्षांनी येथील श्रोत्यांपुढे उभी राहिली. त्यानंतर जर्मनीत गात असताना त्यांची प्रकृती बिघडली आणि तो त्यांचा अखेरचा दौरा ठरला.

२७ जानेवारी १९७२ रोजी वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. शिकागो आणि न्यू ऑर्लीन्स या दोन्ही शहरांत हजारो लोकांनी अंत्यदर्शन घेतले. शिकागोतील अंत्यविधीत अरेथा फ्रँकलिन यांनी डॉर्सी यांचे तेच गीत गायिले, जे चार वर्षांपूर्वी जॅक्सन यांनी किंग यांच्यासाठी गायिले होते. न्यू ऑर्लीन्सजवळील मेटरी येथे त्यांचे दफन करण्यात आले.

पुरस्कार व सन्मान

• १९६२ – ग्रॅमी पुरस्कार, गॉस्पेल किंवा अन्य धार्मिक ध्वनिमुद्रण (‘एव्हरी टाइम आय फील द स्पिरिट’)
• १९६३ – ग्रॅमी पुरस्कार, त्याच विभागात (‘ग्रेट साँग्ज ऑफ लव्ह अँड फेथ’)
• १९७२ – ग्रॅमी जीवनगौरव पुरस्कार
• १९७७ – ग्रॅमी पुरस्कार, सोल गॉस्पेल गायन (‘हाउ आय गॉट ओव्हर’, मरणोत्तर)
• १९९७ – रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये आरंभीच्या प्रभावी कलावंत म्हणून समावेश
• १९९८ – ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ या तबकडीचा ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये समावेश. अमेरिकेच्या टपाल खात्याकडून स्मरणार्थ तिकीट
• न्यू ऑर्लीन्स येथील लुई आर्मस्ट्राँग उद्यानातील नाट्यगृहास महेलिया जॅक्सन यांचे नाव देण्यात आले आहे.